पुठ्ठ्यावरची माणसे

माझ्या वडिलांचे रद्दीचे दुकान आहे. हे आरंभीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सारे त्या दुकानातूनच आले आहे. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांचा संग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे संस्थानिक घराणे किंवा मुंबईचा एखादा हौशी धनिक उभा राहतो. माझा संग्रह तागाच्या पोत्यातून निघाला. २०२४ च्या मे महिन्यात साताऱ्यातील एका पेठेतला जुना वाडा पाडायला काढला होता. पाऊस सुरू होण्यापूर्वी जागा मोकळी हवी म्हणून तिथली सारी रद्दी एकदम आली. जुनी पंचांगे, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि त्यांच्या तळाशी चामडी वेष्टनाचा, पितळी कडीचा एक अल्बम. अप्पांनी तो काट्यावर ठेवला. वजन सव्वा किलो, भाव किलोला १२ रुपये. अशा रीतीने १५ रुपयांना आम्ही एकतीस माणसे विकत घेतली.

त्या अल्बमची पाने पुठ्ठ्यासारखी जाड होती. प्रत्येक पानाला खिडक्या कापलेल्या, आणि खालच्या फटीतून आत एकेक छायाचित्र सरकवलेले. बावीस चित्रे लहान होती, खेळायच्या पत्त्यापेक्षा किंचित उंच. उरलेली नऊ पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. पगडी घातलेले, उपरणे घेतलेले पुरुष; खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी असलेली, नऊवारीतली एक बाई; जरीची टोपी घातलेला, रडण्याच्या बेतात असलेला एक मुलगा. चौघांच्या पाठीमागे मोडीत काहीतरी लिहिलेले होते. (ते चौघांचे आज तिघांवर का आले, हे पुढे सांगावेच लागणार आहे.)

अल्बम घेऊन मी आमच्या इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांनी भिंग काढले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "या लहान चित्रांना स्वतःचे नाव आहे. आधी ते शोधून काढ, मग बोलू." त्या शोधात माझी सारी सुट्टी गेली.

त्या लहान चित्राचे नाव 'कार्त द व्हिझित'. म्हणजे भेटीस गेल्यावर आपल्या नावाचे जे पत्रक द्यावयाचे, त्याच्या मापाचे चित्र. पॅरिस येथील आंद्रे अदोल्फ यूजेन दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली त्याचे पेटंट घेतले. तोपर्यंत छायाचित्र काढून घेणे हे मोठ्या माणसांचे काम होते; एका चित्राला ५० ते १०० फ्रँक पडत. दिस्देरीची युक्ती व्यापाऱ्याची होती. अनेक भिंगे बसवलेल्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ-दहा लहान चित्रे घ्यावयाची, ती एकदम छापावयाची, कापावयाची आणि पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. एक डझन चित्रे २० फ्रँकांत मिळू लागली. स्वतः दिस्देरीने यात अमाप पैसा मिळवला आणि तो सारा गमावलाही. १८८९ साली तो विपन्नावस्थेत वारला. नेपोलियन तिसरा सैन्यासह इटलीच्या मोहिमेवर निघाला असता वाटेत दिस्देरीच्या दाराशी थांबला आणि त्याने चित्र काढून घेतले, अशी एक कथा पुस्तकांतून आढळते. परंतु जाणकार तिला दंतकथाच मानतात.

इंग्लंडात ऑगस्ट १८६० मध्ये मेयॉल या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबीयांची अशी चित्रे विक्रीस काढली आणि मग लोकांना वेडच लागले. आपल्या नातलगांच्या चित्रांशेजारी राणीचे, नटीचे, सेनापतीचे चित्र लावायचे, पाहुणे आले की अल्बम पुढे करायचा. आपल्याकडे पाहुण्यांपुढे लग्नाचा अल्बम ठेवतात, त्याची ही पणजीच म्हणायची. पुढे १८६६ च्या सुमारास लंडनमध्येच मोठ्या मापाचे 'कॅबिनेट कार्ड' निघाले, सुमारे सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच. माझ्या अल्बममधील नऊ मोठी चित्रे याच जातीची.

आता ही चित्रे बनत कशी, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण जपणुकीचे सारे नियम त्यातूनच निघतात. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरून ते चांदीच्या क्षारात बुडवीत आणि ओले असतानाच चित्र घेत. ही रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली. कागदाची रीत त्याच्या एक वर्ष आधीची, ब्लँकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थाची. अंड्यातील पांढरा भाग मीठ घालून घुसळायचा, निवळू द्यायचा, त्यावर पातळ कागद तरंगवायचा आणि वाळवायचा. मग चांदीच्या द्रावणावर धरून तो प्रकाशाला संवेदनशील करायचा. काचेखाली दाबून उन्हात ठेवला की चित्र आपोआप उमटे. त्याला सोन्याच्या क्षाराच्या पाण्यातून काढत, म्हणजे रंग जांभळट-तपकिरी होऊन टिकाऊपणा येई. शेवटी हायपोत बुडवून भरपूर पाण्याने धूत. जर्मनीतील ड्रेस्डेन शहर या कागदाचे माहेरघर होते. तेथील एका कारखान्याने १८८८ या एकाच वर्षात साठ लाखांहून अधिक अंडी या कामी वापरली!

हे वाचले तेव्हा मला हसू आवरेना. ज्या वाड्यात अंडे नावालाही चालत नसेल, त्याच वाड्यातल्या दिवाणखान्यात आजोबा-पणजोबा अंड्याच्या पांढऱ्यावर विराजमान झाले होते आणि कुणाच्या सोवळ्याला बाध आला नव्हता. घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "माहीत नसलं की सगळं चालतं."

मुंबईला ही विद्या फार लवकर पोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. भारतीय माणसाने पोटापाण्यासाठी चालविलेल्या आरंभीच्या स्टुडिओंपैकी तो एक. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाचा पैसा खेळू लागला. चित्र काढून घेण्याची हौस तेव्हाच वाढली असावी, असा माझा आपला तर्क आहे. राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १८९६ साली. त्यापूर्वी १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेस पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला होता. तेथे चित्रे घेण्याचे काम एक इंग्रज बाई करीत.

परंतु याच काळात दुसऱ्या एका प्रकारचीही चित्रे निघत होती. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात माणसे बहुतेक जातीजमातींचे नमुने म्हणून आहेत. चित्राखाली जातीचे नाव असते, माणसाचे क्वचितच. भिस्ती, धोबी, न्हावी, गारुडी यांची लहान कार्डेही युरोपियन लोकांना विकण्यासाठी काढीत. अल्बममधील माणसाने पैसे मोजून स्वतःचे चित्र काढून घेतले आणि पाठीमागे स्वतःचे नाव घातले. धोब्याचे चित्र दुसऱ्याने काढले, दुसऱ्यानेच विकले. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या पणजोबांचे चित्र कुठे असलेच, तर ते या दुसऱ्या प्रकारातले असेल आणि त्याखाली नाव नसेल. आमच्या आजीचे एकच चित्र घरात आहे. ते आधारकार्डावरचे मोठे करून घेतलेले. डोळे विस्फारलेले, चेहरा पांढराफटक. हार त्यालाच घालतो.

याच चलनी कार्डांचा उपयोग एका बाईने कसा केला पाहा. अमेरिकेतील सोजर्नर ट्रुथ ही गुलामीत जन्मलेली स्त्री. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव व्याख्याने देत हिंडताना ती स्वतःची कार्त विकून खर्च भागवी. १८६४ च्या सुमारास तिने त्या कार्डाचा हक्क स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. चित्रात ती विणकाम घेऊन बसली आहे, चष्मा लावून, स्वच्छ टोपी घालून. गुलाम म्हणून जिची विक्री झाली होती, ती आता आपली सावली आपणच विकत होती.

जुने कार्ड हाती आले तर त्याचे वय कसे ओळखावे, हा प्रश्न मला अनेक मैत्रिणींनी विचारला. काही खुणा सांगते. १८६० च्या दशकातील पुठ्ठा पातळ, कोपरे चौकोनी, पाठीमागे छायाचित्रकाराचे नाव साध्या लहान अक्षरांत. चित्रात माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा, बाजूला खांब, पडदा किंवा कठडा. पुढच्या दशकात कोपरे गोल होत गेले. १८८० नंतर पुठ्ठा जाड, कडेला सोनेरी मुलामा, पाठीवर वेलबुट्टी, पदके, काय वाटेल ते. चित्रात नुसता छातीपर्यंतचा भाग. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर कधी कराचे तिकीट चिकटवलेले आढळते. तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता, त्यामुळे अशा कार्डाचे वय जवळजवळ नक्की होते. या खुणा विलायतेच्या फॅशनवरून बांधलेल्या आहेत. जुना पुठ्ठा दुकानात पडून राहिला तर तो पुढेही वापरला जाई, तेव्हा पाच-दहा वर्षांची ढील ठेवावी. भिंगातून कागदाचे तंतू दिसले आणि पांढऱ्या जागा पिवळ्या पडलेल्या असल्या, तर चित्र बहुधा अंड्याच्या कागदावरचे. १८९० नंतरच्या जिलेटिनच्या कागदात तंतू दिसत नाहीत.

आणखी एक. उभ्या माणसाच्या पायामागे कधी लोखंडी स्टँडचा पाया डोकावतो. प्रेताला उभे करण्यासाठी तो लावीत, असे सांगून विक्रेते अशा चित्राची किंमत वाढवतात. यात तथ्य नाही. चित्र घ्यायला काही सेकंद लागत; तेवढ्यात जिवंत माणूस हलू नये म्हणून मानेला टेकू देणारा तो स्टँड असे. प्रेत त्याने उभे राहणारच नाही. माझ्या अल्बममध्ये असे सहा स्टँड आहेत आणि साऱ्यांचे डोळे चांगले जिवंत आहेत.

आता माझ्या हातून घडले ते. नऊवारीतल्या त्या बाईच्या कार्डाची पाठ काळवंडली होती. मोडी अक्षरे नीट दिसावीत म्हणून मी कापसाचा बोळा ओला केला, अगदी पिळून, आणि हलक्या हाताने पुसले. दुकानात पितळेची भांडी येतात ती आम्ही अशीच पुसतो. काजळाची शाई, डिंकात कालवलेली. दोनशे वर्षे टिकेल, पण पाण्यापुढे एक क्षण टिकत नाही. ओळ माझ्या देखत बोळ्यावर आली. घाबरून मी तो बोळाही टाकून दिला. त्या वेळी मला मोडी वाचता येत नव्हती. सरांकडे नेण्यापूर्वी मोबाईलवर चित्र काढून ठेवावे, एवढीही बुद्धी झाली नाही, आणि अल्बम दाखवला त्या दिवशी सरांनी फक्त पुढची बाजू पाहिली होती. आता भिंगातून 'बाई' एवढे दोन अक्षरांचे शेपूट तेवढे ओळखू येते. सर रागावले नाहीत. त्यांनी मला मोडीची बाराखडी काढून दिली आणि रोज एक पान लिहून आणायला सांगितले.

लंडनला कामीय सिल्व्ही नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. त्याच्या स्टुडिओच्या रोजवह्या तेथील नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जपलेल्या आहेत. चित्राची एक प्रत, क्रमांक आणि गिऱ्हाइकाचे नाव. १८६२ साली त्याने सॅरा फोर्ब्स बोनेटा या आफ्रिकन स्त्रीची चित्रे घेतली. लहानपणी बंदिवासात सापडलेली ही मुलगी पुढे राणी व्हिक्टोरियाच्या आश्रयाने वाढली. आज ती चित्रे पाहताना ही कोण, असे कुणाला विचारावे लागत नाही. ते वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा जपणुकीविषयी मी जे सांगते ते शहाणपण नाही, प्रायश्चित्त आहे. चित्राला आणि पाठीला पाणी लावू नये. अंड्याच्या थराला बारीक भेगा असतात; ओल लागली की त्या रुंदावतात. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, हात धुऊन, कोरडे करून कार्ड कडेने धरावे. पाठीवर पेनाने काही लिहू नये. लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, थोडके. चिकट पानांचे नवे अल्बम आणि प्लास्टिकची स्वस्त पाकिटे ही या चित्रांची वैरीण. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे चालतात, किंवा छायाचित्रांसाठी तपासलेला आम्लरहित कागद. डांबराच्या गोळ्या नकोत. चित्र भिंतीवर उन्हात टांगू नये. जुन्या अल्बममधून कार्ड निघत नसेल तर ओढू नये, पान फाटते आणि कार्डाचा कोपराही जातो. पुढून-मागून स्कॅन करून ठेवावे, पण एकदाच, चांगले. आमच्याकडील झेरॉक्सवाल्याने "पिवळेपणा काढून, रंग भरून देतो" असा फार आग्रह केला. त्याला नको म्हणताना तो दुखावला.

आणि चित्रांचा क्रम मोडू नये. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोण कोणाशेजारी आहे, यावरूनच पुष्कळदा नाते कळते. म्हणून मी कोणते चित्र कोणत्या पानावर, कोणत्या खिडकीत, याचा तक्ता आधी केला.

खरा वैरी मात्र साताऱ्याचा पाऊस. अशा चित्रांसाठी हवेत ३० ते ५० टक्के आर्द्रता असावी असे सांगतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मीठ डब्यात पाणी होऊन बसते. बुरशी धरते, आणि खळीच्या वासाने कसर येते. आमच्या दुकानाची मागची भिंत ओलावते. शेवटी घट्ट झाकणाचा एक डबा, आत कापडात बांधलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि तो डबा घरात, भिंतीपासून दूर, आईच्या कपाटात वरच्या खणात. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या पुड्या मी दुकानातून वर्षभर गोळा केल्या. त्या मंद आचेवर तापवल्या की पुन्हा कामाला येतात. पहिला पावसाळा चित्रे कोरडी राहिली.

ऑगस्टमध्ये पुण्याहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. त्याने अल्बम चाळला आणि पाच कार्डे निवडली, त्यात ती बाई आणि तो टोपीवाला मुलगा. पाचांचे ३,००० रुपये. बाकीच्या सव्वीस चित्रांत त्याला रस नव्हता. रिकाम्या अल्बमचे मात्र आणखी ८०० द्यायला तयार होता. पावसाळ्यात रद्दीचा धंदा मंद असतो, हे मी सांगायला नको. त्याच आठवड्यात माझी फी भरायची होती. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि माझ्याकडे पाहिले. "तुझा माल हाय. काय म्हनतीस?" मी म्हटले, अल्बम फुटला तर कोण कुणाचे ते कधीच कळणार नाही. व्यापारी समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, "ताई, आत्ता तरी कुठं कळतंय?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फी आईच्या भिशीतून भरली. ती भिशी शिवणयंत्रासाठी होती. ते यंत्र अजून आलेले नाही, आणि आईने तो विषय काढलेला नाही.

वाड्याच्या मालकांना मी आधीच दूरध्वनी केला होता. अल्बम त्यांचा, तो परत न्यावा असे मला वाटत होते. ते दुसऱ्या शहरात राहतात. "आमच्याकडे जागा कुठंय? तुम्हाला आवडलं असेल तर ठेवा," असे ते अगदी सौजन्याने म्हणाले. मी चित्रे पाठवली. एकही ओळखता आले नाही. दिवाळीत मात्र त्यांच्या एका वृद्ध आत्याबाईंचा निरोप आला, की टोपीवाला मुलगा बहुधा त्यांचे आजोबा असावेत, भुवईवरच्या खुणेवरून. कार्डाच्या पाठीवर मोडीत जे नाव आहे ते मी तोपर्यंत स्वतः वाचले होते. तेच निघाले. नऊवारीतली बाई त्या मुलाच्या समोरच्या पानावर आहे. आत्याबाईंना तिच्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, आजोबांची आई लवकर गेली, तिला पाहिलेले कोणी उरले नाही. नाव आठवत नाही, पण घरात लिहिलेले कुठेतरी असेल.

'कुठेतरी' म्हणजे त्याच वाड्याची रद्दी. त्यातली पुष्कळशी पोती जूनमध्येच कागद कारखान्याला गेली होती. उरलेली चार मी आणि अप्पांनी डिसेंबरच्या सुट्टीत उपसली. दोन जन्मपत्रिका मिळाल्या, किराण्याच्या वह्या मिळाल्या, मोडीतली एक फाटकी खातेवही मिळाली. ती मी सध्या वाचते आहे. एकशे बारा पानांपैकी चाळीस झाली.

गेल्या आठवड्यात मी वर्गात असताना अप्पांचा दूरध्वनी आला. दुसऱ्या एका घरच्या रद्दीत जुन्या पुठ्ठ्याचे दोन फोटो निघाले होते. मी विचारले, पाठीमागे काही लिहिले आहे का? "ते तू बघ," अप्पा म्हणाले. "म्या पोतं तसंच ठिवलंय. हात लावल्याला न्हाई."